उभ्या झाडाचा भाव शून्य

ऑगस्ट २०१९ मध्ये ॲमेझॉनचं जंगल जळत होतं, तेव्हा मीही स्टेटस ठेवलं होतं. पुण्यात पहिली नोकरी नुकतीच लागली होती. ऑक्टोबरमध्ये मुंबईत आरेची झाडं रातोरात कापली, तेव्हाही ठेवलं. कॉलेजच्या ग्रुपवर एकाने विचारलं, ‘कोण माणसं असतील रे ही, एवढाली झाडं पाडणारी?’ मी उत्तर टाइप केलं आणि खोडलं. उत्तर होतं: मी.

हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात आमचं शेत आहे. बांधावर शेंदऱ्या आंबा होता, पणजोबांनी लावलेला. तिघांनी हात धरले तरी बुंधा कवेत येत नसे. २०१५ साली पावसाने दगा दिला. सोयाबीन गेलं, हळद अर्धी वाळली. त्याच वर्षी मी इंजिनिअरिंगला गेलो होतो आणि हॉस्टेलचा दुसरा हप्ता थकला होता. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तर लाकडाचा व्यापारी बसलेला. त्याने झाडाभोवती एक फेरी मारली, खोडावर थाप मारली आणि बावीस हजार सांगितले. अण्णांनी घासाघीसही केली नाही. आंबा तोडायला परवानगी लागते; १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ आहेत. ‘कागदाचं मी बघतो,’ व्यापारी म्हणाला. कोणता कागद, हे आम्ही विचारलं नाही.

मोठं झाड एकदम पाडत नाहीत. आधी एक जण वर चढून फांद्या उतरवतो. मग ज्या बाजूला पाडायचं, त्या बाजूने बुंध्याला खाच घेतात. नंतर मागून मशीन लावतात, पण आरपार नेत नाहीत. मधे थोडं लाकूड राखतात, बिजागरीसारखं. त्यावरच झाड हव्या त्या दिशेला वळतं. मग पाचर ठोकतात. दोर मी आणि चुलतभावाने धरला होता.

मला वाटलं होतं, खूप आवाज होईल. पण आधी शांतता झाली, कारण मशीन बंद केली होती. सगळे कान देऊन उभे होते. बुंध्याच्या आतून बारीक कडकड आली, एकदा, दोनदा. ‘सरका!’ कुणीतरी ओरडलं. पायाखालची जमीन हलली. ढोलीतून पिंगळ्यांची जोडी भर उन्हात बाहेर पडली. खरं सांगू? अंगावर काटा आला आणि थोडी मजाही वाटली. धुरळा बसल्यावर मात्र कळलं की तिथे आता भक्क ऊन आहे. आजी पुढे कितीतरी दिवस त्या बांधाकडे फिरकली नाही. काही लाकूड वीटभट्टीला गेलं, काही हळद शिजवायला.

ही गोष्ट सांगितली की शहरातले मित्र दोनपैकी एक काहीतरी बोलतात. एक, ‘शेतकऱ्यांना झाडांचं महत्त्व पटवून द्यायला हवं.’ दोन, ‘एक तोडलं तर दहा लावा.’ मला दोन्हींचा राग येतो.

महत्त्व अण्णांना माहीत होतं. त्या सावलीत ते जेवायचे, दुपारी निजायचे, बैल बांधायचे. पण त्या आंब्याला उभं राहण्याचे पैसे कुणीच देत नव्हतं. आडवं पडल्यावर बावीस हजार मिळाले. ज्याला ऐन दुष्काळात पोराची फी भरायची आहे, त्याला ‘जागृती’ काय करायची?

आता ‘दहा लावा’. २०१६ ते २०१९ या काळात राज्य सरकारने ५० कोटी झाडं लावण्याची मोहीम चालवली. एकट्या २०१९ चं उद्दिष्ट ३३ कोटींचं होतं. अशा मोजणीत वीतभर रोप म्हणजे एक झाड आणि आमचा शेंदऱ्याही एकच झाड. मी दिवसभर डेटाबेसमध्ये काम करतो. असा तक्ता माझ्याकडे तपासायला आला असता तर मी तो परत पाठवला असता.

मोठ्या झाडाची किंमत मोजताच येत नाही, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये ती वर्षाला ७४,५०० रुपये धरली. शंभर वर्षांच्या झाडाचे ७४ लाख ५० हजार होतात. जास्त वाटतात? मलाही वाटतात. दहावा हिस्सा धरा. शंभरावा धरा. तरी वर्षाला ७४५ रुपये होतात आणि तेवढेही आम्हाला कधी कुणी दिले नाहीत.

त्याच वर्षी महाराष्ट्राने आपला वृक्ष कायदाही बदलला. पन्नास वर्षं आणि त्यावरचं झाड ‘हेरिटेज’ झालं. ते तोडायचंच तर त्याचं जितकं वय, तितकी रोपं लावायची. चांगलंच आहे. पण हा कायदा शहरी भागाचा. हिंगोली शहरातलं साठ वर्षांचं झाड वारसा ठरतं आणि आमच्या बांधावरचं शंभरीचं झाड सरपण.

माझं म्हणणं साधं आहे. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये शेतकरी आजही बांधावरची झाडं नोंदवू शकतो. त्यात बुंध्याच्या घेराचा एक रकाना वाढवा. ठरावीक घेरापुढच्या प्रत्येक देशी झाडामागे दरवर्षी शेतकऱ्याच्या खात्यात पैसे टाका, पुढच्या वर्षी फोटो काढून पुन्हा तपासा. झाड उभं, तर पैसे चालू. पिकाची नोंद, फोटो, जागेचं लोकेशन, खात्यात थेट पैसे, हे सगळं सरकार आज करतंच आहे. अडचण तंत्रज्ञानाची नाही, हे मी माझ्या धंद्याच्या जोरावर सांगतो.

‘मग लोक नुसते पैसे खातील,’ असं कुणी म्हणेल. खाऊ द्या. उभ्या झाडाचे पैसे खायला झाड उभंच ठेवावं लागतं.

आमच्या बांधावर अजून एक जुनी चिंच आहे. गेल्या उन्हाळ्यात व्यापारी पुन्हा येऊन गेला. अण्णांचा फोन आला, ‘तीस म्हणतोय. काय करू?’ मी त्याच रात्री तीस हजार पाठवले. चिंच वाचली.

शेजारच्या धुऱ्यावरही तशीच चिंच होती. त्यांचा पोरगा पुण्यात नोकरीला नाही.