थंडीतला व्यायाम : एक चुकलेला हिशेब

हिवाळा आला की वर्तमानपत्रांतून व्यायामाचे लेख येऊ लागतात आणि संक्रांत उलटली की जसे येतात तसेच निघून जातात. त्यांत आणखी एकाची भर घालण्याचा माझा विचार नव्हता. परंतु गेल्या डिसेंबरात सत्र परीक्षा आटोपल्यावर भोपाळला आत्याकडे तीन आठवडे राहण्याचा योग आला. तेथे मी 'बिनखर्ची व्यायामा'चा एक हिशेब मांडला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला लाज वाटावी इतका तो चुकला. ती चूक आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी होत असावी, म्हणून हा लेख.

आत्याचे घर अयोध्या नगरात आहे. शहराच्या पूर्व अंगाला, भेलच्या वसाहतीपासून जवळच ही वस्ती आहे. 1956 साली नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली, तेव्हा नागपूरहून बरेच मराठी सरकारी नोकर इकडे आले. आतोबांचे वडील त्यांतलेच एक. त्यामुळे या घरात दोन मराठ्या नांदतात. आतोबा विचारतात, "काय करून राहिला बे?" आणि लग्नाला तीस वर्षे झाली तरी आत्या आपल्या बेळगावी वळणानेच विचारते, "काय करायलास रे?"

आपल्या बेळगावची थंडी अंगावर एक स्वेटर चढवला की ऐकते. भोपाळची ऐकत नाही. डिसेंबर-जानेवारीत तेथे रात्रीचे तापमान सरासरीने दहा-अकरा अंशांवर असते आणि उत्तरेकडून लाट आली की ते पाचाच्याही खाली जाते. सकाळी सातपर्यंत सूर्याचे नाव नाही, धुके मात्र दाराशी. अशा दिवसांत माझा आतेभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, पोलीस भरतीची तयारी करीत होता. लेखी परीक्षा झाली होती. शारीरिक चाचणी बाकी होती : 800 मीटर धावणे, लांब उडी आणि गोळाफेक. जवळच्या व्यायामशाळेची फी महिना नऊशे रुपये. वर 'तेथील पावडर घेतल्याशिवाय अंग भरत नाही' असे मित्रांचे सांगणे. आतोबांची नोकरी कंत्राटावरची. नऊशे रुपये कोठून काढावेत याची चर्चा दोन रात्री चालली, तेव्हा मी मोठ्या ऐटीने वही पुढे ओढली आणि म्हणालो, "एक पैसा न खर्चता काम होईल."

माझी योजना वाईट नव्हती, हे आजही म्हणेन. व्यायामाला यंत्रे लागतात हा समज अलीकडचा आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, आपल्या संस्थानातील शाळांतून ते सुरू केले आणि त्यावर पुस्तके लिहिली. त्यांच्या पद्धतीवरचे इंग्रजी पुस्तक 1938 साली निघाले. या व्यायामाला लागते ते एक सतरंजीभर जागा. मध्य प्रदेशात तर दर वर्षी 12 जानेवारीला, विवेकानंद जयंतीच्या दिवशी, शाळा-महाविद्यालयांतून सामूहिक सूर्यनमस्कार होतात. आपल्याकडे ज्याला तालीम म्हणतात त्याला कन्नडात 'गरडी मने' म्हणतात. शब्द दोन असले तरी मातीचा आखाडा, जोर, बैठका आणि दोर चढणे हे सामान दोन्हीकडे सारखेच, आणि स्वस्तही.

तेव्हा मी लिहिले : धावणे, खर्च शून्य. जोर-बैठका व नमस्कार, खर्च शून्य. गोळ्याच्या सरावासाठी घरामागे पडलेला दगड, खर्च शून्य. आहारात पावडरीऐवजी भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, बाजरीची भाकरी, तीळगूळ आणि रोज दोन उकडलेली अंडी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात आणि एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, हे मी वहीत ठळक लिहिले. थंडीत ऊब देणारे पदार्थ म्हणून आपल्या आज्यांनी तीळ, गूळ आणि बाजरी पुढे केली. कन्नड घरांतही संक्रांतीला 'एळ्ळु-बेल्ल' वाटतात ते उगाच नव्हे.

थंडीची पथ्येही लिहिली, आणि ती वाचकांनी जरूर पाळावीत. गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि स्नायू ताठर राहतात. म्हणून अंथरुणातून उठून एकदम धावत सुटू नये. दहा मिनिटे चालून, हातपाय मोकळे करून मग वेग वाढवावा. हृदयविकार असलेल्यांनी पहाटेच्या गारठ्यात दमछाक करून घेऊच नये. एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बरे, कारण अंग तापल्यावर वरचा काढता येतो. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ऊब घेणे तर जिवावर बेतते, कारण तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो. आणि धुक्यात धूर मिसळून जमिनीलगत साचला असेल त्या सकाळी घरातच नमस्कार घालावेत. भोपाळमध्ये श्वासाविषयी कोणी हलकेपणाने बोलत नाही. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या त्या थंड रात्री जे जीव घेऊन धावले, त्यांच्या छातीत धावल्यामुळेच अधिक वायू गेला. जुन्या शहरातून येथे राहायला आलेल्या शेजारच्या एका आजींना आजही दहा पायऱ्या चढताना थांबावे लागते. सर्वांना एकच व्यायाम सांगू नये, एवढे त्या आजींकडे पाहून मला कळले.

असा सारा तक्ता तयार झाला. एकूण खर्च : हरभरे, शेंगदाणे व अंडी मिळून महिना साधारण चारशे रुपये. बचत पाचशे. आतोबांनी पाठ थोपटली. दादा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठला आणि योजना सुरू झाली.

दहाव्या की अकराव्या दिवशी दुपारी मी वहीत बचतीचा आकडा गिरवीत बसलो होतो. आत्या मोरीतून धुण्याची बादली घेऊन आली. "काय लिहायलास रे?" तिने विचारले. मी अभिमानाने वही दाखवली. तिने ओला हात पदराला पुसला, पान वरपासून खालपर्यंत वाचले आणि रागावून नव्हे, अगदी सहज म्हणाली, "सगळं लिहिलास की. ह्यात माझं कुठं लिहिलास?"

मला उत्तर सुचले नाही. मग मी नीट पाहू लागलो. दादा पाचला उठतो म्हणून आत्या साडेचारला उठत होती. त्याच्यासाठी पाणी तापवणे, हरभरे आदल्या रात्री भिजत घालणे, अंडी उकडणे. बाजरीचे पीठ चार दिवसांत कडू होते, म्हणून थोडे थोडे दळण घेऊन आठवड्यातून दोनदा गिरणीला जाणे. भाकरी थापायला पोळीपेक्षा वेळ अधिक. आणि कपडे! घामाने भिजलेला एक जादा जोड रोज, बर्फासारख्या पाण्यात, हाताने. धुक्याच्या दिवसांत तो वाळत नाही म्हणून रात्री तव्याजवळ धरून सुकवायचा. तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांनी तिला रोज अर्धा तास चालायला सांगितले होते, वर्षापूर्वी. ते चालणे एकदाही झाले नव्हते. ज्या घरात मी आरोग्याची योजना राबवीत होतो, त्याच घरातील एका माणसाचे आरोग्य त्या योजनेने आणखी खालावत होते, आणि माझ्या वहीत त्या रकान्यात 'शून्य' होते.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण संधी-खर्च शिकतो. एखादी गोष्ट करण्यासाठी जी दुसरी सोडावी लागते, ती तिची खरी किंमत. परीक्षेत मी त्यावर चांगले गुण मिळवले आहेत. घरी मात्र ज्याची पावती नाही तो खर्चच नाही, असे मी धरून चाललो. ही एकट्या माझी चूक नव्हे. 2019 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात दिसले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात आणि पुरुष 97. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे दिवसाला जेमतेम बावीस मिनिटे. आत्याकडे नेमकी तीच बावीस मिनिटे नव्हती, आणि जी होती ती मी दादाच्या खात्यावर जमा केली होती.

यावर कोणी म्हणेल, घरकाम हाच बायकांचा व्यायाम. आतोबाही तसेच म्हणाले. घरकामात शरीर हलते हे खरे, आणि त्याची गणना शारीरिक हालचालीत होते हेही खरे. पण ओणवे बसून गार पाण्यात कपडे घासणे आणि उन्हात पाय मोकळे करणे ही एकच गोष्ट असेल, तर मग दादाच्या चाचणीच्या तयारीसाठी त्यालाच धुणे धुवायला का लावू नये? हा प्रश्न मी त्यांना विचारला. ते हसले. दादा मात्र हसला नाही.

या संदर्भात मला खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे 1955 मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले, म्हणून दादाला त्यांचे फार प्रेम. गरिबीतून शरीर कमावता येते, याचा दाखला म्हणून आपण त्यांचे नाव घेतो. पण त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले होते, हे आपण क्वचित सांगतो. गरिबाच्या बळाचीही किंमत असतेच. ती कोणीतरी भरलेली असते, आणि भरणाऱ्याचे नाव लिहिणे एवढे तरी आपल्या हाती असते. खाशाबांच्या बाबतीत ते नाव राहिले, कारण तेथे रुपयांचा आकडा होता. साडेचारला उठणाऱ्या आईचा आकडा कोण लिहिणार?

त्या रात्री आम्ही वही पुन्हा मांडली. या वेळी रुपयांशेजारी मिनिटांचा रकाना पाडला. पाणी दादा स्वतः तापवू लागला. आपला घामाचा जोड तो आंघोळीच्या वेळी स्वतः धुऊ लागला. पहिल्या दिवशी साबण तसाच राहून शर्ट पुठ्ठ्यासारखा कडक झाला. गिरणी माझ्याकडे आली. आतोबांनी अंडी उकडण्याची जबाबदारी घेतली व दोन दिवस ती कच्ची काढली. भाकरी मात्र कोणालाच जमली नाही, तेव्हा आठवड्यातून दोनच दिवस भाकरी आणि एरवी पोळी असे ठरले. हिशेबात आणखी एक दुरुस्ती झाली. आत्याने पहाटेचे फिरणे साफ नाकारले. अंधारात, धुक्यात, एकटीने ती जाणार नव्हती आणि तिने का जावे? तिने दुपारचे चार पसंत केले, ऊन असताना, शेजारच्या दोघींसोबत. बागेला तीन फेऱ्या. त्या दम लागणाऱ्या आजी बाकावर बसून ऊन खातात आणि यांच्या फेऱ्या मोजतात.

मी निघालो त्या दिवशी आत्याची फेऱ्यांची वेळ झाली होती, म्हणून ती स्टेशनवर आली नाही. दारातूनच तिळाच्या लाडवांचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "डबा परत पाठवशील, विसरशील नको." दादाच्या चाचणीचा निकाल हा लेख लिहीपर्यंत लागलेला नाही. लागेल तेव्हा लागो.

मित्रहो, थंडीत शरीर टिकवायला फार पैसे लागत नाहीत, हे मी अजूनही ठामपणे सांगतो. जोर मारा, धावा, शेंगदाणे खा. फक्त एक करा : आपल्या 'फुकटच्या' व्यायामासाठी घरात कोण किती वाजता उठते, ते एकदा वहीत लिहा आणि ती वही त्या माणसाला वाचायला द्या. मराठी विभागाच्या वाचकांना हे सांगतो तसेच कन्नड विभागातल्या मित्रांनाही, कारण पहाटेचे साडेचार दोन्ही भाषांतल्या घरांत सारखेच गार असतात.