व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही

सायबर गुन्हेगार म्हटलं की संगणकात पटाईत हॅकर डोळ्यांसमोर येतो. पण ‘डिजिटल अरेस्ट’च्या फसवणुकीत कुठलंच कुलूप फोडलं जात नाही. माणसाला इतकं घाबरवतात की तो स्वतःच किल्ली काढून देतो.

पद्धत ठरलेली आहे. फोन येतो: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, किंवा तुमच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरलाय. मग व्हिडिओ कॉलवर गणवेशातला ‘अधिकारी’, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, मोबाइलवर खोटं वॉरंट. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही. तासन्‌तास असं अडकवून ठेवल्यावर खात्यांचा तपशील आणि ओटीपी मागतात, ‘पडताळणीसाठी’ रक्कम वळती करायला लावतात.

मला यातली ‘कुणाला सांगू नका’ ही अट सर्वांत घातक वाटते. आपल्या घरांत तर ती सहज पाळली जाईल. पलीकडून कुणी ‘दहशतवादाला पैसा’ एवढं नुसतं म्हटलं, तरी अब्बूंचे हातपाय गळतील. आपण निर्दोष आहोत हे ठाऊक असूनही, नाव आलं तर काय, या धास्तीनं ते गप्प राहतील. ठगांना तेवढंच हवं असतं.

या भीतीवरचा उतारा संविधानात आहे. ‘डिजिटल अरेस्ट’ भारतीय कायद्यात नाहीच. कलम २२ नुसार अटकेचं कारण कळण्याचा आणि पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावं लागतं. चौकशीला हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. पडताळणीसाठी पैसे मागणारा तर अधिकारी असूच शकत नाही.

दोस्तहो, हे सगळं आपल्याला ठाऊक असेल. अम्मीला, नानीला, शेजारच्या चाचांना आहे का? आज रात्री जेवताना सांगा: असा फोन आला तर कापायचा आणि आधी मला लावायचा. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० वर तक्रार करा. जितकी घाई, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आणि फसलेल्यावर ओरडू नका. घरच्यांच्या बोलण्याची भीती वाटली, तर माणूस तक्रारही उशिरा करतो.