फेरीवरची विश्रांती: सवलत हवी, पुरावाही हवा

आयर्लंडमधल्या रॉसलेअर बंदरातून फ्रान्सच्या शेरबुर्गला जाणारी फेरी सतरा-अठरा तास समुद्रात असते. ट्रक खालच्या डेकवर साखळ्यांनी जखडलेला, ड्रायव्हर वर. हे तास त्याच्या आठवड्याच्या विश्रांतीत धरायचे का? ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, ब्रिटनला वगळून थेट जाणाऱ्या फेऱ्या वाढल्या आणि हा प्रश्न ऐरणीवर आला.

युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमांनुसार ड्रायव्हरला सहा दिवसांनंतर साप्ताहिक विश्रांती द्यावीच लागते. ती पूर्ण असेल तर ४५ तासांची, अटींवर कमी केलेली असेल तर किमान २४ तासांची. फेरीवरचे तास विश्रांतीत धरायची सवलत आधी फक्त रोजच्या विश्रांतीपुरती होती. ऑगस्ट २०२० पासून ती साप्ताहिक विश्रांतीलाही लागू झाली. चढण्या-उतरण्यासाठी विश्रांती दोनदा मोडता येते, मात्र मिळून एका तासाच्या आत. ४५ तासांच्या विश्रांतीसाठी नियोजित प्रवास आठ तासांचा तरी हवा आणि झोपायची केबिन हवी. रेल्वेने जाणाऱ्या ट्रकलाही हेच लागू आहे.

वाहतूकदारांची बाजू खोटी नाही. तीस तास विश्रांती झालेल्या ड्रायव्हरने जहाजावर ट्रक चढवला म्हणून सगळा हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू करायचा, यात त्याचंही भलं नाही. घराकडे निघालेला माणूस बंदराच्या पार्किंगमध्ये अडकून पडतो.

पण ४५ मधून सतरा गेले, तरी अठ्ठावीस तास उरतात. ते कुठे जातात? पूर्ण साप्ताहिक विश्रांती ट्रकच्या केबिनमध्ये घेता येत नाही, असं युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ठरवलं. २०२० च्या दुरुस्तीने ते कायद्यात स्पष्ट लिहिलं आणि मुक्कामाचा खर्च मालकावर टाकला. तरीही टॅकोग्राफ, म्हणजे ट्रकमधलं नोंदयंत्र, गाडी उभी होती आणि विश्रांती नोंदली गेली एवढंच सांगतं. माणूस पलंगावर झोपला की स्टिअरिंगमागे, ते नाही. जहाजावरचे तास चोख मोजले आणि जमिनीवरचे सोडून दिले, तर सवलतीच्या आडून विश्रांतीच चोरली जाईल. थकलेल्या ड्रायव्हरची किंमत त्याच रस्त्यावरच्या इतरांनाही मोजावी लागते.

म्हणून सवलत राहावी, पण तपासणीचा रोख बदलावा. फेरीच्या केबिनचं तिकीट आणि किनाऱ्यावरच्या मुक्कामाची पावती जपणं मालकाला बंधनकारक करावं आणि ती कंपनीच्या कार्यालयात तपासावी. बंदरातल्या रांगेमुळे तासाची मर्यादा ओलांडली, तर दंड ड्रायव्हरच्या माथी मारू नये. रांग त्याच्या हातात नसते.