अंगण वाकडेच असेल तर?

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपण सर्रास वापरतो. परंतु संगणकाच्या पडद्यापुढे गोंधळलेल्या माणसाला ती ऐकवण्यापूर्वी अंगण खरोखरच सरळ आहे काय, हे कोणी पाहिले आहे?

ते पाहण्याचे शास्त्र आहे. कार्ड, मोरान आणि नेवेल या त्रयीने १९८० साली एक सुटसुटीत हिशेब मांडला. सर्वसाधारण टंकलेखन करणाऱ्याला एक कळ दाबण्यास ०.२८ सेकंद लागतात, तर मनाशी काही ठरविण्यास १.३५ सेकंद. कामाचे तुकडे पाडा आणि बेरीज करा!

‘रामाकोना’ हाच शब्द घ्या. इनस्क्रिप्ट कळफलकावर त्याला आठ कळा लागतात. रोमन अक्षरांतून लिहिला तरी आठच. दोन्हीकडे २.२४ सेकंद. परंतु रोमन पद्धतीत ‘न’ की ‘ण’, हे सुचविलेल्या शब्दांतून पाहून ठरवावे लागते. म्हणून बेरीज ३.५९ वर जाते. शिवाय इनस्क्रिप्टमध्ये मराठी ‘क’ ज्या कळेवर, त्याच कळेवर कन्नड ‘क’. एक शिकले की दुसरे जवळजवळ फुकट!

मग प्रश्न मिटला काय? मुळीच नाही. हा हिशेब सरावलेल्या, न चुकणाऱ्या हाताचा आहे. दिवसभर अर्ज भरणाऱ्या केंद्रचालकाला तो लागू पडेल. सौंसर तालुक्यातला संत्रा-बागायतदार प्रथमच मोबाईलवर अर्ज उघडतो, त्याला सेकंदांचे काय? त्याच्यासाठी १९९० च्या सुमारास पुढे आलेली दुसरी पद्धत हवी. तीत प्रत्येक पायरीवर चार प्रश्न विचारायचे: पुढे काय करायचे हे त्याला उमगेल का? योग्य बटण दिसेल का? त्यावरील शब्दाचा अर्थ लागेल का? आणि काम झाले, हे कळेल का?

आमच्या भागात घरात मराठी आणि राज्याची राजभाषा हिंदी. तिसऱ्या प्रश्नाला गाडी अडते ती इथेच, आणि सेकंदांच्या बेरजेत ही अडचण कधीच दिसणार नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. छापखान्याला कार्य-परिव्यय आणि साखर कारखान्याला प्रक्रिया-परिव्यय, हे आपण शिकतोच. धंदा पाहून पद्धत ठरते. तसेच माणूस पाहून मोजमाप ठरावे. सरावलेल्यांच्या मोजपट्टीने नवख्याला मोजणे हा केवळ हिशेबातील दोष नव्हे, तो अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.