कूपे घेण्यापूर्वी मागच्या आसनावर बसून पाहा

आपल्या व्यापारी घरांतील तरुणांच्या मनात सध्या कूपे मोटार भरली आहे. मागे उतरत जाणाऱ्या छपराची ही गाडी देखणी असते, यात वाद नाही. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ 'कापलेली'. मोठ्या घोडागाडीतील एक बैठक कापून केलेली ती दोघांची गाडी. आज टाटा कर्व्ह किंवा सिट्रोएन बसाल्ट अशा चार दारांच्या कूपे मिळतात. पण उतरत्या छपराची झळ बसते ती मागच्यांनाच.

म्हणून शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर निर्णय घेऊ नये. पनवेलहून पळस्पे फाटा ओलांडून कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत गाडी न्यावी आणि मागे आजींना बसवावे. डोके छताला टेकते का, गुडघे न दुखता उतरता येते का, हे तेथेच कळते. गाडी दोन दारांची असेल, तर पुढचे आसन दुमडून मागे शिरणे त्यांना जमेल का? मागची काच अरुंद असल्याने चालकाला मागचे किती दिसते, तेही पाहावे. पहाटे याच महामार्गांच्या कडेने आपले साधू-साध्वी विहार करीत असतात.

आता हिशेब. विम्यासाठी धरलेले गाडीचे मूल्य एक वर्षानंतर 20 टक्के, तर चार वर्षांनंतर 50 टक्के घटवले जाते. कर्जाचा हप्ता मात्र तेवढाच राहतो. "कंपनीच्या नावावर घेऊ, कर वाचेल," असे सर्रास म्हटले जाते. प्राप्तिकरात साधारण 15 टक्के घसारा मिळतो हे खरे; परंतु अशा गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट सामान्य व्यापाऱ्याला मिळत नाही, आणि महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरील मोटारीला वाहनकर 20 टक्के पडतो. दिवाळीच्या मालासाठी लागणारे खेळते भांडवल गाडीच्या पहिल्या भरण्यात घालणे तर मला मुळीच पटत नाही. हंगामात तीच रक्कम पुन्हा चढ्या व्याजाने उभी करावी लागते.

आसने, सुकाणूचक्र आणि गिअरचे आवरण अस्सल चामड्याचे की कृत्रिम, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये. रोज चौदा नियम धारणाऱ्या श्रावकाला वाहनांची संख्या मोजण्याची सवय असतेच. घरातील जुनी मोठी गाडी विकून कूपे येणार की तिच्या जोडीला, हा प्रश्न मात्र इसारा देण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून सोडवावा.