गल्लीत खबर पोहोचते, पण मुदत कळत नाही

बेळगाव : ‘उद्या पाणी येणार नाही, आजच भरून ठेवा.’ शहरातील रहिवासी संघटनांकडून सर्वांत जास्त वेळा फिरणारा निरोप हाच असेल. त्याच्या पाठोपाठ हेस्कॉमची रविवारची वीजबंदी, कचऱ्याची न आलेली गाडी आणि खोदून ठेवलेला रस्ता. या निरोपांना कमी लेखण्याचे कारण नाही. राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांवर अवलंबून असलेल्या शहरात एक पंप बंद पडला किंवा एक जलवाहिनी फुटली की अर्ध्या शहराचे वेळापत्रक कोलमडते. २००८ मध्ये काही प्रभागांत चोवीस तास पाणी सुरू झाले, पण उरलेल्या शहरात बॅरल भरून ठेवायची सवय अजून मोडलेली नाही. अशा वेळी कोणीतरी वेळेत सांगणारा असावाच लागतो.

पण खबर दोन प्रकारची असते. पाणी येणार नाही ही खबर उशिरा कळली तर एक दिवस टँकर मागवून भागते. दुसऱ्या प्रकारच्या खबरीला मात्र मुदत जोडलेली असते. ती मुदत टळली की पुढची दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. बेळगावच्या रहिवासी संघटना पहिल्या खबरीत तयार झाल्या आहेत, दुसऱ्या खबरीत अजून कच्च्या आहेत. खरा प्रश्न तिथेच आहे.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची असेल तर १९५६ च्या कायद्यानुसार अधिसूचना निघाल्यापासून हरकत नोंदवायला फक्त २१ दिवस मिळतात. अधिसूचना राजपत्रात येते, दोन वर्तमानपत्रांत छापली जाते, आणि कायद्याच्या दृष्टीने सर्वांना ‘कळलेले’ असते. प्रत्यक्षात शिवारात पेरणी चालू असते आणि ते वर्तमानपत्र कोणाच्या घरी आलेले नसते. हलगा-मच्छे बायपासवरून शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे रस्त्यावर आणि न्यायालयात झगडावे लागले. तो झगडा मोठा आणि गुंतागुंतीचा आहे. पण अशा लढ्यात पहिल्या २१ दिवसांत लेखी हरकत घेतलेली असणे आणि नसणे यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, हे शहराच्या कडेला राहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

शहराच्या आतही हेच. घरपट्टी एप्रिलमध्ये भरली तर ५ टक्के सवलत मिळते. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने अनधिकृत वसाहतींतील मिळकतींना बी-खाता देण्याची मोहीम जाहीर केली, तीही सुरुवातीला तीन महिन्यांची. म्हणजे कागद जमवायचे, कर भरायचा, रांगेत उभे राहायचे, हे सगळे ठरलेल्या दिवसांत. ज्या वसाहतीत कोणी समजावून सांगणारा होता तिथले लोक आधी पोहोचले. बाकीचे एजंटाच्या हाती लागले. शेजाऱ्याने फुकट सांगितलेली गोष्ट नंतर पैसे मोजून कळते, ती अशी.

त्यात भाषेची अडचण. महापालिकेचा कारभार कन्नडमध्ये चालतो. नोटीस, बिल, सभेची विषयपत्रिका कन्नडमध्ये येते. शहापूर, वडगाव, अनगोळ, खासबाग या भागांतील मराठी शाळेत शिकलेल्या आजी-आजोबांना आकडे कळतात, पण आकड्याभोवतीचा मजकूर कळत नाही. मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही मागणी महाराष्ट्र एकीकरण समिती वर्षानुवर्षे करत आली आहे. भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व केंद्र सरकारच्या १९५६ च्या ज्ञापनातच आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण हरकतीची मुदत त्या निकालासाठी थांबत नाही.

म्हणूनच आज हातात काय आहे, हे संघटनांनी नीट ओळखले पाहिजे. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडताना देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. म्हणजे गटारीची तक्रार मराठीत दिली म्हणून ती परत करता येत नाही. माहिती अधिकाराचे मात्र वेगळे आहे. तो अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करावा लागतो. कर्नाटकात त्याला आणखी दोन अटी आहेत : एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. हा फरक माहीत नसल्यामुळे तीन पाने भरून लिहिलेला अर्ज वाया जाऊ शकतो आणि लोक म्हणतात, ‘मराठी म्हणून दिलं नाही.’ कधी ते खरे असते, कधी नियमच वाचलेला नसतो.

याच माहिती अधिकार कायद्यात एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. कलम ४ नुसार सार्वजनिक कार्यालयांनी मागणी होण्याची वाट न पाहता स्वतःहून माहिती द्यायची आहे, आणि ती देताना स्थानिक भाषा व त्या भागात पोहोचणारे माध्यम विचारात घ्यायचे आहे. मराठी सूचनांची मागणी भावनेच्या जोरावर नव्हे, तर या कलमाचा आधार घेऊन प्रत्येक प्रभागातून लेखी गेली, तर अधिकाऱ्याला निदान लेखी उत्तर द्यावे लागेल.

कागद वेळेत पाहिला नाही तर काय होते, याचे उदाहरण शहराने नुकतेच पाहिले आहे. शहापूर भागात महात्मा फुले रोडपासून जुन्या पी. बी. रोडपर्यंतच्या रस्त्यासाठी रीतसर भूसंपादन न करता जागा घेतल्याचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापर्यंत गेले. सुमारे २० कोटी रुपयांच्या भरपाईचा भार महापालिकेवर येण्याची वेळ आली आणि २०२४ मध्ये शेवटी जागाच परत करावी लागली. तयार रस्ता उखडला गेला. त्या रस्त्यावर खर्च झालेला पैसा करदात्यांचाच होता. काम सुरू होतानाच ‘संपादनाचा आदेश दाखवा’ असे परिसरातून लेखी विचारले गेले असते, तर गोष्ट इथवर आली असती का?

विचारण्याची जागा कायद्याने दिलेली आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनुसार तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत प्रभाग समित्या असायला हव्यात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार होती. कर्नाटक महापालिका कायद्यात प्रभाग समितीवर रहिवासी संघटनांच्या किमान दोन प्रतिनिधींची तरतूद आहे, मात्र संघटना नोंदणीकृत हवी आणि त्या प्रभागात तिने किमान तीन वर्षे काम केलेले हवे. शहरात प्रभाग ५८. म्हणजे शंभराहून अधिक खुर्च्या रहिवासी संघटनांसाठी आहेत. नोंदणीला सात सभासद पुरतात. पण आपल्याकडे गणेशोत्सवाचे मंडळ तीन पिढ्या चालते, पंच मंडळी गल्लीचे वाद मिटवतात, आणि गल्लीची संघटना मात्र कागदावर नसते. पावती पुस्तक आहे, नोंदणी क्रमांक नाही. मग खुर्चीवर नगरसेवकाच्या मर्जीतला माणूस बसला तर तक्रार कोणाकडे करणार?

संघटनांच्या कारभारातही दोष आहेत, ते झाकून चालणार नाही. अध्यक्ष एखाद्या पक्षाचा असला की त्या पक्षाच्या नगरसेवकाने बसवलेला दिवा फोटोसह सांगितला जातो आणि तुंबलेली गटार गुलदस्त्यात राहते. ऐकीव बातमी खात्री न करता पुढे ढकलली जाते. नाल्याला पूर आल्याची अफवा एकदा खोटी ठरली की दुसऱ्यांदा खरी असली तरी कोणी उठत नाही. ऑगस्ट २०१९ चा पाऊस ज्यांनी बळ्ळारी नाल्याच्या आसपास काढला, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. भाड्याने राहणारे, दिवसभर घरी असणाऱ्या बायका आणि साधा फोन वापरणारे म्हातारे यांच्यापर्यंत निरोप पोहोचतो का, हेही कोणी तपासत नाही. पाण्याच्या वेळेला नळापाशी असतात त्या बायका, आणि बैठकीला बोलावले जाते पुरुषांना!

दुरुस्ती अवघड नाही. प्रत्येक सूचनेत पाच गोष्टी असाव्यात : निर्णय कोणी घेतला, कागदाचा क्रमांक व तारीख, कोणाकोणाला लागू, शेवटचा दिवस, आणि कुठल्या कार्यालयात काय द्यायचे. खात्री झाली नसेल तर ‘खात्री व्हायची आहे’ असे लिहावे. हीच सूचना गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फळ्यावर खडूने लिहावी, म्हणजे फोन नसलेल्यालाही दिसेल. आणि ती दोन्ही भाषांत लिहावी. शेजारच्या कन्नड कुटुंबाच्या नळालाही तेच पाणी येते, त्यांच्या दारातही तोच रस्ता खोदला जातो. कन्नड नोटीस वाचून दाखवणारा शेजारी आणि मराठी वस्तीत सह्या गोळा करणारा शेजारी एका निवेदनावर आले, तर त्या निवेदनाला भाषेचा वाद म्हणून बाजूला सारणे महापालिकेला जड जाईल.

पाणी कधी येणार, हे सांगायला आता सगळ्या गल्ल्या शिकल्या आहेत. दारावर नोटीस चिकटली की हरकतीचे किती दिवस उरले, हे ज्या दिवशी फळ्यावर लिहिले जाईल, त्या दिवशी रहिवासी संघटनेचे काम खऱ्या अर्थाने सुरू होईल.