दिवसाचे पाणी आणि पेटीतला पाटकरी

आंबेगाव तालुक्यातील लोणी-धामणीचा पट्टा पावसाच्या लहरीवर जगणारा. डिंभे धरण याच तालुक्यातले, पण ते पश्चिमेला. पूर्वेच्या या माळांवर विहिरीत साठेल तेवढे उपसायचे, आणि तेही वीज येईल तेव्हा. शेतीची वीज पाळीपाळीने येते, म्हणजे कित्येकदा रात्री. जुन्नर वनविभागातल्या बिबट्यांच्या कितीतरी पिढ्या आता उसातच जन्मल्या आहेत. शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडला, २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याने माणसे मारली. त्यानंतर बॅटरी घेऊन रात्री दारे धरायला जाणाऱ्याच्या घरी कोणाला झोप लागत असेल?

सौर पंप हे त्यावरचे सरकारी उत्तर, आणि उत्तर चांगले आहे. केंद्राची कुसुम योजना २०१९ची, राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ २०२४ची. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्तीचा पंप, ५ एकरापर्यंत ५चा, त्यापुढे साडेसातचा. २०२५मध्ये महावितरणने महिन्याभरात ४५,९११ पंप बसवून गिनीज बुकात नाव नेले. बसवलेले पंप मोजणे सोपे असते. बँकेतून आम्हीही पंपसेटच्या कर्जवाटपाचे आकडे वर पाठवीत असू. पंप चालतो का, हा रकाना तक्त्यात नसे.

त्या कर्जाच्या फायलीतले कोटेशन मोटार, स्टार्टर, पाइप, केबल एवढ्यात आटपे. स्टार्टरचे कॉन्टॅक्ट काळे पडले तर शेतकरी पॉलिश पेपरने घासून घेई. मोटार जळली तर मंचरला रिवाइंडिंगला टाकी. सौर पंपाला मात्र कंट्रोलर नावाची बंद पेटी असते. पॅनेलमधून येते एकदिश वीज, आणि मोटार पुष्कळदा थ्री फेजची. ते जुळवायला पेटीतले सहा पॉवर ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. (आमच्या पिढीला ट्रान्झिस्टर म्हणजे खांद्याला अडकवून आकाशवाणी ऐकायचा. हा निराळा.) त्याचे नाव आयजीबीटी. तो घडवण्यात मोठा वाटा मद्रासच्या आयआयटीतून अमेरिकेला गेलेल्या बी. जयंत बालिगा यांचा. २०२४चा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार त्यांना त्यासाठीच मिळाला.

या ट्रान्झिस्टरच्या एका टोकाला गेट म्हणतात, म्हणजे दारच. ते उघडायला साधारण १५ व्होल्ट लागतात, आणि क्षणभर अँपिअरच्या घरातला प्रवाह. हुकूम देणारी चिप ३ किंवा ५ व्होल्टची, तिच्यात तेवढा दम नाही. म्हणून मध्ये एक पाटकरी ठेवावा लागतो, त्याला म्हणायचे ड्रायव्हर सर्किट. खरे कौशल्य या पाटकऱ्याच्या रचनेत आहे. दार हळू उघडले तर अर्धवट उघड्या अवस्थेत ट्रान्झिस्टर तापतो. फार झटक्यात उघडले-मिटले तर व्होल्टेज उसळते आणि रेडिओलहरींचा गोंगाट सुटतो. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेना आकाशातल्या क्षीण रेडिओलहरी टिपत असतात. त्या मुलखात हा गोंगाट कमी ठेवलेलाच बरा. हा वेग ठरतो गेटच्या वाटेवरच्या काही ओहमच्या एका रेझिस्टरवर. शिवाय जोडीतले वरचे आणि खालचे दार एकदम उघडले तर थेट शॉर्ट. म्हणून एक मिटल्यावर दुसरे उघडण्यापूर्वी एक-दोन मायक्रोसेकंदांची उसंत ठेवतात.

आणि ढग. आभाळ आले, दिवस कलला, की पॅनेलचा जोर पडतो. ड्रायव्हरला १५ऐवजी ९-१० व्होल्टच मिळाले तर दार पुरते उघडत नाही आणि ट्रान्झिस्टर जळू शकतो. चांगले सर्किट अशा वेळी दार मिटूनच ठेवते. विहिरीत केबल सोलवटून शॉर्ट झाली तर आयजीबीटी जेमतेम १० मायक्रोसेकंद तग धरतो; तेवढ्यात ड्रायव्हरने ओळखून त्याला बंद केले पाहिजे. पंप घेताना याची विचारपूस कोण करतो? विचारतात ती अश्वशक्ती.

योजनेत ५ वर्षांच्या दुरुस्तीची हमी आहे, विमाही आहे. सहाव्या वर्षी काय? नकाशा नसलेली पेटी उघडून गावचा मेकॅनिक करणार काय? तो ट्रान्झिस्टर बदलेल, पण ड्रायव्हरच बिघडलेला असेल तर नवाही तत्क्षणी जाईल. मग अख्खी पेटी विकत घ्या, नाहीतर पुन्हा विजेची पाळी आणि रात्रीची दारे.

याच तालुक्यात अवसरी खुर्दला २००९पासून सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पुरवठादाराने ड्रायव्हर सर्किटचा नकाशा आणि सुट्या भागांची यादी अशा जवळच्या महाविद्यालयात जमा करावी, ही अट निविदेत घालायला सरकारला फार खर्च नाही. पोरांना दुरुस्तीचा हात बसेल आणि मंचरच्या रिवाइंडिंगवाल्यालाही चार गोष्टी शिकता येतील. कंपन्या धंद्याच्या गुपिताचे कारण सांगतील. पंपाची किंमत शेतकऱ्याच्या वाट्यातून आणि जनतेच्या तिजोरीतून चुकती होत असताना ते कारण मला पटत नाही. ‘मागेल त्याला’मधल्या पहिल्यावहिल्या पंपांची हमी २०२९पासून संपू लागेल.